आधी रोजकीर्द, मग खतावणी

लातूरच्या बाजार समितीत तुरीचा लिलाव झाला की आडतीवरचे मुनीम काय करतात, ते आठवा. व्यवहार ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने आधी रोजकीर्दीत उतरतात; ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणी नंतर, सवडीने होते. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द शाबूत असेल तर सगळी खाती पुन्हा उभी करता येतात.

संगणकातील डेटाबेस हेच करतो. प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत ओळीने लिहितो आणि ती नोंद डिस्कवर पोचली की मगच 'व्यवहार पक्का' म्हणतो. खरी अडचण 'पोचली' या शब्दात आहे. लिहिलेली नोंद काही काळ संगणकाच्या स्मृतीत थांबते, मग डिस्कच्या स्वतःच्या छोट्या स्मृतीत. वीज गेली की दोन्ही कोऱ्या! नांदेड-लातूरकडच्या वाचकांना वीज जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून 'खरोखर लिही, आणि लिहून झाल्यावरच सांग' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. एफसिंक ही आज्ञा नोंदीबरोबर फाइल बदलल्याची वेळ वगैरे तपशीलही लिहायला लावते. एफडेटासिंक अनावश्यक तपशील सोडून देते, त्यामुळे बहुधा जलद ठरते.

पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसबरोबर अशा पद्धतींचा वेग मोजणारी एक छोटी चाचणी मिळते. तिचे आकडे वाचण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घ्यावे. तबकडीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एकदा लिहिलेली जागा पुन्हा लेखनशीर्षाखाली यायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. तेव्हा त्याच जागी एकामागून एक, प्रत्येक वेळी पोच घेत लिहायचे, तर सेकंदाला १२० च्या वर जाता येणार नाही. चाचणीने काही हजार दाखवले, तर आनंद मानू नये! डिस्क नोंद स्वतःच्या स्मृतीत ठेवून 'लिहिले' म्हणते आहे. (त्या स्मृतीला बॅटरीचा आधार असेल तर गोष्ट वेगळी. एसएसडीत तबकडीच नसते, तिला हे गणित लागू नाही.)

शंका फेडायची तर जुना संगणक घ्या. त्याने १, २, ३ असे आकडे डिस्कवर लिहावेत आणि प्रत्येक पोच मिळताच तो आकडा शेजारच्या संगणकाला कळवावा. मध्येच पहिल्याचा प्लग उपटा. पुन्हा सुरू केल्यावर शेजाऱ्याकडे ४१२ आणि डिस्कवर ४०९ निघाले, तर पोच खोटी होती. डिस्कवर ४१३ निघाले तर? त्यात दोष नाही. नोंद झाली, पण कळवण्याआधीच वीज गेली.