गोखल्यांचे बिल

आपल्या कळमनुरीत नगर परिषद आहे. दिवाबत्ती, पाणी, गटारे ही तिची कामे. तिकडे दिल्लीस संसद आहे. तिथे देशाचे कायदे होतात. इंग्रजी अमलात गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही दोन्ही प्रकारची कामे केली.

त्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यात कोतळूक गावी झाला. घर गरीब. थोरल्या भावाने नोकरी करून त्यांना शिकवले. पुढे ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. काही वर्षे ते पुणे म्युनिसिपालिटीचे अध्यक्षही होते.

१९०२ पासून ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसू लागले. हे कौन्सिल तेव्हा कलकत्त्यास भरे. सरकारचा जमाखर्च ते बारकाईने तपासत. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. गरिबाच्या भाकरीवरचा हा कर कमी करा, असे ते दरसाल बजावत. १९०७ पर्यंत तो एक रुपयावर आला.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी शिक्षणाचे बिल आणले. बिल म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याची सक्ती करायची. पण ती दिल्ली-कलकत्त्याहून नव्हे, तर म्युनिसिपालिटीने आणि जिल्हा बोर्डाने, सरकारची परवानगी घेऊन. ज्याची कमाई महिना दहा रुपयांहून कमी, त्याच्या पोराला फी नाही. मुलींवर मात्र सक्ती लगेच नव्हती. मला ही गोष्ट उणी वाटते.

सरकार म्हणाले, पैसा नाही. काही जमीनदारांना धास्ती पडली, की पोरं शाळेत गेली तर शेतात राबायचं कुणी, गुरं राखायची कुणी? शिवाय कौन्सिलात सरकारी सभासदच जास्त. बिल पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते. तसे त्यांनी भाषणात सांगितलेही. तरी ते नेटाने बोलले. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली. बाजूने १३, विरुद्ध ३८. बिल पडले. १९१५ साली गोखले वारले.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात म्युनिसिपालिट्यांपुरता असा कायदा करून घेतला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा इथे लागू नव्हता. सगळ्या देशासाठी कायदा झाला तो २००९ साली. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला फुकट शाळा हा हक्क मिळाला.