नवे यंत्र आणि अपुरा खेळ

सप्टेंबर २०१४ मध्ये ‘एनएचएल १५’ हा आइस हॉकीचा व्हिडिओ गेम विक्रीस आला, तेव्हा ग्राहकांना एक विचित्र विसंगती आढळून आली. हा खेळ एकाच नावाने दोन पिढ्यांच्या यंत्रांसाठी काढण्यात आला होता. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० ही जुनी यंत्रे होती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही नोव्हेंबर २०१३ मध्ये बाजारात आलेली नवी. नव्या यंत्रांवर बर्फ, प्रेक्षक आणि खेळाडूंचे चेहरे पूर्वीपेक्षा पुष्कळच खरे भासत. परंतु मित्रांनी आपला संघ बांधून इंटरनेटवरून दुसऱ्या संघाशी सामने खेळण्याची ‘ईए स्पोर्ट्स हॉकी लीग’ तेथे नव्हती. अनेकांनी एकेका संघाचे व्यवस्थापकपद घेऊन सामायिक हंगाम चालविण्याची ‘जीएम कनेक्टेड’ ही सोयही नव्हती. सामन्याअखेर तीन उत्कृष्ट खेळाडू घोषित करण्याचा हॉकीतील जुना प्रघात, तोही प्रारंभी गाळला गेला होता. जुन्या यंत्रांवरील आवृत्तीत मात्र लीग आणि सामायिक हंगाम दोन्ही शाबूत होते.

प्लेस्टेशन ३ ची स्मृती २५६ मेगाबाइटच्या दोन भागांत विभागलेली होती. प्लेस्टेशन ४ ला सलग ८ गिगाबाइट, म्हणजे सोळापट स्मृती मिळाली. मग सामर्थ्य वाढत असता खेळ आखूड का व्हावा?

याचे पहिले उत्तर यंत्राच्या अंतर्रचनेत सापडते. प्लेस्टेशन ३ मधील ‘सेल’ या प्रोसेसरात एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली अनेक लहान साहाय्यक गाभे होते. आकृत्या हलविणे, टकरींचे गणित करणे यांसारखी कामे या साहाय्यकांत कशी वाटून द्यावी हे प्रोग्रामरांनी मोठ्या कष्टाने साध्य केले होते. प्लेस्टेशन ४ मध्ये त्याऐवजी एकाच जातीचे आठ गाभे आले आणि तो सारा खटाटोप निरुपयोगी झाला. चित्रण, हालचाली आणि भौतिक नियम सांभाळणारी खेळाची पायाभूत आज्ञावली, जिला ‘इंजिन’ म्हणतात, ती नव्याने उभारावी लागली.

परंतु एवढ्याने समाधान होत नाही. व्यवस्थापकाचा हंगाम म्हणजे मुख्यतः आकड्यांचा हिशेब. त्याला चकचकीत बर्फाशी काय कर्तव्य? येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, खेळाचे कोणतेही अंग सुटे नसते. पडद्यावरील याद्या, जतन केलेल्या नोंदी, इंटरनेटवरील जोडणी, सामना चालविणारे इंजिन या सर्वांत त्याची मुळे गेलेली असतात. पाया बदलला की प्रत्येक मूळ पुन्हा जोडावे लागते आणि प्रत्येक जोडणी तपासावी लागते.

त्यासाठी वेळ लागतो, आणि क्रीडाविषयक खेळांपाशी नेमका तोच नसतो. साहसकथेवरील खेळ सहा महिने लांबला तरी चालते. हॉकीचा खरा हंगाम मात्र ऑक्टोबरात सुरू होतो. संघांच्या याद्या तेव्हाच ताज्या असतात. आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, ‘एनएचएल १४’ नव्या यंत्रांसाठी काढलाच गेला नव्हता. एवढी सवलत मिळूनही काम पुरे झाले नाही. अशा वेळी काय ठेवावे आणि काय वगळावे याचा निर्णय करावा लागतो, आणि तो निष्पक्ष असतोच असे नाही. दुकानातील पडद्यावर चेहरा आणि घाम दिसतो, मित्रांची लीग दिसत नाही. थोड्यांनीच वापरलेले अंग आधी छाटले जाते. पण ते थोडे लोकच बहुधा वर्षानुवर्षे खेळाला चिकटून राहिलेले असतात.

हा प्रकार नवा नव्हता. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत अमेरिकन फुटबॉलचा ‘मॅडन एनएफएल ०६’ आला, तेव्हा जुन्या यंत्रांवर असलेली ‘सुपरस्टार’ ही खेळाडूच्या कारकिर्दीची शाखा त्यात नव्हती. जॉन मॅडन यांचे परिचित समालोचनही नव्हते. किंमत मात्र सुमारे ५० डॉलरवरून ६० डॉलरवर गेली होती. आदल्या वर्षी सेगा कंपनीचा प्रतिस्पर्धी खेळ २० डॉलरला विकला जात होता. परंतु डिसेंबर २००४ मध्ये एनएफएलचा एकाधिकार परवाना ईएला मिळाला आणि ती स्पर्धा संपली. मक्तेदारीमुळे खेळ अपुरा झाला असे म्हणता येणार नाही. अपुरा खेळ अधिक किमतीस विकता आला, तो मात्र पुष्कळ अंशी तिच्यामुळेच.

वगळलेली सारीच अंगे परत येतात असेही नाही. ‘एनएचएल १५’ मधील तीन खेळाडूंची निवड थोड्याच काळात सुधारित आज्ञावलीतून आली. हॉकी लीग २०१५ च्या ‘एनएचएल १६’ मध्ये परतली. ‘जीएम कनेक्टेड’ त्यातही नव्हते, आणि त्याच्या आधारे जमलेल्या मंडळींना जुने यंत्र जपण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

२०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आले, तेव्हा अशी मोठी वजावट क्वचितच घडली. त्याचा प्रोसेसर मागील यंत्राच्याच कुळातला होता आणि जुने खेळ त्यावर बहुतांशी तसेच चालत. तथापि यंत्र न बदलताही पाया बदलता येतो. जपानमधील कोनामी कंपनीने आपल्या फुटबॉलच्या खेळासाठी ‘फॉक्स’ हे इंजिन सोडून ‘अनरियल’ स्वीकारले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ‘ईफुटबॉल २०२२’ प्रसिद्ध केला. तो विनामूल्य होता. पण प्रारंभी त्यात अवघे ९ संघ होते आणि दोन दशके या मालिकेचा कणा राहिलेली ‘मास्टर लीग’ नव्हती. तो प्लेस्टेशन ४ वरही चालत होता. त्याच प्लेस्टेशन ४ वर, आदल्या वर्षीच्या जुन्या इंजिनावरील आवृत्तीत, ‘मास्टर लीग’ अजून खेळता येत होती.