टेबलाबाहेरचे डेटाबेस: नव्या घडामोडी आणि शिकण्याच्या वाटा

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. आपल्याकडे दुपारचे सव्वाबारा वाजत असताना अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरांत बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइट अशा कितीतरी सेवा जगभर अडखळल्या. बिघाडाचे मूळ डायनॅमोडीबी नावाच्या डेटाबेसपाशी होते. त्यातला डेटा मात्र सुरक्षित होता. हरवला होता तो त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा पत्ता. हे पत्ते अद्ययावत ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा दोन टप्प्यांत चालते: एक भाग योजना तयार करतो, दुसरा ती अमलात आणतो. अंमलबजावणी करणाऱ्यांपैकी एक जण मागे पडला आणि त्याने शिळी योजना ताज्या योजनेवर लिहिली. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्याने जुन्या योजनांची साफसफाई सुरू केली होती. त्यात ती शिळी योजना पुसली गेली, आणि तिच्याबरोबर सगळे पत्तेही. यंत्रणेला स्वतःला सावरता येईना, शेवटी माणसांना हात घालावा लागला. डायनॅमोडीबी सुमारे तीन तासांत परतला, पण त्याच्यावर विसंबलेल्या बाकीच्या सेवा रुळावर यायला बराच वेळ गेला.

ज्याचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नाही अशा डेटाबेसवर आपले रोजचे व्यवहार किती टेकलेले आहेत, हे त्या दिवशी दिसले. डायनॅमोडीबी ज्या कुळातला, त्याला नोएसक्यूएल किंवा नॉन-रिलेशनल डेटाबेस म्हणतात. गेल्या दोन वर्षांत या क्षेत्रात परवाने बदलले, कंपन्यांचे मालक बदलले, नवे प्रकल्प उभे राहिले. शिकू पाहणाऱ्याने आधी कशाला हात घालावा, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा झाला आहे.

टेबल कुठे अडते

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले. माहिती टेबलांत ठेवायची, प्रत्येक गोष्ट शक्यतो एकाच जागी नोंदवायची आणि लागेल तेव्हा टेबले एकमेकांना जोडून उत्तर काढायचे. ही रचना इतकी पक्की आहे की बँकेचे खाते, पगारपत्रक, परीक्षेचे निकाल यांसाठी आजही मी दुसरे काही सुचवणार नाही.

अडचण येते ती डेटा एका मशीनमध्ये मावेनासा झाला की. टेबले दहा-वीस मशीनवर विखुरली की ती जोडणे महाग पडते. गुगलने २००६ मध्ये बिगटेबल या आपल्या साठवण यंत्रणेवरचा आणि अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो या आपल्या यंत्रणेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्या परंपरेवर या दोन निबंधांचा मोठा प्रभाव पडला. डायनॅमोमागची गरज अगदी दुकानदाराची होती: ग्राहकाने खरेदीच्या यादीत वस्तू टाकली, तर काहीही बिघडलेले असले तरी ती स्वीकारली गेलीच पाहिजे. दोन प्रतींमध्ये थोडा वेळ फरक राहिला तर तो नंतर मिटवता येतो, पण गिऱ्हाईक परत गेले तर गेले.

ही तडजोड नीट समजली पाहिजे. एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये ती कॅप नावाने मांडली आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी तिची गणिती सिद्धता दिली. मशीनांमधला संपर्क तुटला, तर प्रत्येकाला उत्तर देत राहायचे की चुकीचे उत्तर जाऊ नये म्हणून थांबायचे, यांपैकी एक निवडावे लागते. दोन्ही एकदम मिळत नाही.

२००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत योहान ऑस्करसन यांनी अशा डेटाबेसवर काम करणाऱ्यांची बैठक भरवली आणि तिथून नोएसक्यूएल हे नाव रूढ झाले. डायनॅमो निबंधाच्या लेखकांपैकी एक, अविनाश लक्ष्मण, पुढे फेसबुकमध्ये गेले आणि तिथे प्रशांत मलिक यांच्यासह त्यांनी कॅसँड्रा घडवला.

चार घराणी

पहिले घराणे की-व्हॅल्यूचे: किल्ली द्या, मूल्य घ्या. रेडिस आणि डायनॅमोडीबी त्यातले. रेडिस सगळे काही मेमरीत ठेवतो, म्हणून लॉगिनची सत्रे, स्पर्धेतली क्रमवारी, वारंवार लागणारी उत्तरे यांसाठी तो सर्रास वापरतात.

दुसरे घराणे डॉक्युमेंटचे, आणि नवशिक्याची पहिली ओळख बहुधा याच्याशीच होते, मोंगोडीबीमुळे. समजा पुस्तकांच्या दुकानाची एक ऑर्डर आहे. टेबलांत ती ग्राहक, ऑर्डर, ऑर्डरमधल्या ओळी, पुस्तके आणि पत्ते अशी पाच ठिकाणी विभागली जाते. मोंगोडीबीत ती एकच डॉक्युमेंट होऊ शकते: वर ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, आत पुस्तकांची यादी, प्रत्येकाची त्या दिवशीची किंमत आणि ज्या पत्त्यावर पाठवले तो पत्ता. ऑर्डर दाखवायची तर एकाच वाचनात काम होते. पुढच्या महिन्यात भेटवस्तूचा संदेश साठवायचा ठरला, तर नव्या ऑर्डरींत तो रकाना घालायचा, जुन्यांना हात लावायची गरज नाही.

पण हीच ऑर्डर दुसऱ्या बाजूने पाहा. एका प्रकाशकाची सगळ्या ऑर्डरींत मिळून किती पुस्तके खपली, असे कोणी विचारले तर प्रत्येक डॉक्युमेंट उघडून आत डोकावावे लागते. लेखकाच्या नावातली चूक सुधारायची तर ती हजार जागी सुधारावी लागते. शिवाय एक डॉक्युमेंट १६ मेगाबाइटच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून सतत वाढत जाणारी यादी आत कोंबत राहणे धोक्याचे. म्हणूनच कोणते प्रश्न विचारले जाणार याची यादी आधी करायची आणि मग साठवणुकीचा आकार ठरवायचा. माझ्या मते नोएसक्यूएल शिकणे म्हणजे मुख्यतः हेच शिकणे.

तिसरे घराणे वाइड-कॉलमचे: कॅसँड्रा, एचबेस, सिलाडीबी. सतत लिहिला जाणारा, वेळेनुसार वाढणारा डेटा हे त्यांचे बळ. चौथे ग्राफचे, त्यात निओफोरजे सर्वांत परिचित. कोण कोणाशी जोडलेले आहे हाच मुख्य प्रश्न असेल, उदाहरणार्थ बनावट खात्यांची साखळी शोधताना, तिथे ते शोभते. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफसाठीची जीक्यूएल ही भाषा आयएसओचे अधिकृत मानक झाली. एसक्यूएलनंतर डेटाबेसच्या क्वेरी भाषेला असा मान मिळण्यात साडेतीन दशकांहून अधिक काळ गेला.

टेंभलीतून सुरू झालेला डेटा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यामागच्या यंत्रणेची जी रचना तिच्या तंत्रज्ञांनी २०१२ च्या सुमारास जाहीरपणे मांडली, ती शिकणाऱ्याने आवर्जून पाहावी अशी आहे. दिलेल्या क्रमांकांची मुख्य नोंद मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे रिलेशनल डेटाबेसमध्ये, अनेक मशीनवर वाटलेली होती. नोंदणीची माहिती आणि छायाचित्रे मोंगोडीबीत, बायोमेट्रिक साचे एचबेसमध्ये आणि कच्ची पाकिटे हडूपच्या फाइल यंत्रणेत. नावाने शोध घ्यायला सोलर वेगळा.

एकाच कामात पाच साठवणुकी, कारण प्रत्येक ठिकाणी विचारला जाणारा प्रश्न वेगळा. एसक्यूएल चांगले की नोएसक्यूएल, हा वाद नोकरीच्या मुलाखतींत रंगतो खरा. मोठ्या प्रत्यक्ष कामांत दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

डिस्कॉर्ड: एका चॅनलवर लोटलेली गर्दी

डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेने आपला प्रवास तपशिलाने प्रसिद्ध केला आहे. २०१५ मध्ये त्यांचे संदेश मोंगोडीबीत होते. दहा कोटी संदेशांपाशी डेटा आणि इंडेक्स मेमरीत मावेनात, म्हणून ते कॅसँड्राकडे वळले. तिथे संदेशांची वाटणी चॅनल आणि दहा दिवसांचा कालखंड या जोडीवर केली. एका चॅनलचे दहा दिवसांचे संदेश एका पार्टिशनमध्ये, एकत्र आणि क्रमाने. चॅनल उघडले की अलीकडचे संदेश झटकन मिळत, म्हणजे प्रश्न ओळखून केलेली ही वाटणी होती.

तरी २०२२ पर्यंत १७७ नोडचे, म्हणजे मशीनांचे, कॅसँड्राचे क्लस्टर सांभाळणे जिकिरीचे झाले. लाखो सदस्यांच्या एखाद्या चॅनलवर सगळ्यांना उद्देशून घोषणा झाली की सगळे एकाच वेळी तेच पार्टिशन वाचायला धावत. ज्या नोडवर ते असे तो दमे, आणि त्याच्यावरच्या इतर चॅनलांनाही झळ बसे. उपाय दोन झाले. डेटाबेसच्या पुढ्यात रस्ट भाषेत लिहिलेला एक थर बसवला: एकच संदेश हजार जणांनी मागितला तरी डेटाबेसला एकदाच विचारायचे आणि उत्तर सर्वांना वाटायचे. मग डेटा सिलाडीबीत हलवला. सेकंदाला ३२ लाखांपर्यंत संदेश या वेगाने हे स्थलांतर नऊ दिवसांत झाले आणि १७७ नोडचे काम ७२ नोडवर आले.

यातला पहिला उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. डेटाबेस बदलल्याची बातमी होते, पण एकाच जागी लोटणारी गर्दी आधी त्या थराने आवरली होती.

परवान्यांची लढाई

मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपला परवाना बदलला. आमचे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकणार असाल, तर ती सेवा चालवणारा तुमचा सगळा कोडही खुला करा, असा त्याचा आशय होता. रोख मोठ्या क्लाउड कंपन्यांवर होता. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने मोंगोडीबीशी जुळणारा डॉक्युमेंटडीबी बाजारात आणला.

मोठा भडका उडाला तो रेडिसच्या वेळी. २००९ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने तो सुरू केला आणि पंधरा वर्षे तो अत्यंत मोकळ्या बीएसडी परवान्याखाली होता. मार्च २०२४ मध्ये रेडिसमागच्या कंपनीने परवान्यात निर्बंध आणले. आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या कोडवरून वाल्की नावाचा फोर्क निघाला. अ‍ॅमेझॉन, गुगल क्लाउड, ओरॅकल, एरिक्सन त्याच्या पाठीशी उभे राहिले. सानफिलिप्पो २०२४ च्या अखेरीस कंपनीत परतले आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ एजीपीएल या मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवान्याखालीही मिळू लागला. तोवर वाल्कीने स्वतःची जागा केली होती. नवे काम सुरू करणाऱ्याने आज दोन्ही तपासून पाहावेत. मूळ आज्ञा बहुतांश सारख्याच आहेत.

उलट दिशेचे पाऊलही पडले. मायक्रोसॉफ्टने पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसवर उभारलेला स्वतःचा डॉक्युमेंटडीबी २०२५ च्या सुरुवातीला एमआयटी परवान्याखाली खुला केला आणि त्याच वर्षी तो लिनक्स फाउंडेशनकडे दिला. अ‍ॅमेझॉनच्या सेवेशी नाव सारखे असले तरी हा प्रकल्प वेगळा.

मालकी, व्हेक्टर आणि सुरक्षा

कॅसँड्राभोवती व्यवसाय उभारणारी डेटास्टॅक्स २०२५ मध्ये आयबीएमने घेतली. काउचबेस ही डेटाबेस कंपनी त्याच वर्षी हवेली इन्व्हेस्टमेंट्सकडे गेली, सौदा सुमारे दीड अब्ज डॉलरचा. मोंगोडीबीने व्हॉएज एआय ही कंपनी विकत घेतली. मजकुराचा अर्थ आकड्यांच्या लांब यादीत बदलणारी मॉडेले ती तयार करते. अशा याद्यांना व्हेक्टर म्हणतात, आणि शब्द न जुळताही अर्थाने जवळचे सापडावे म्हणून त्या साठवतात. सप्टेंबर २०२४ मधल्या कॅसँड्रा ५ मध्ये आणि रेडिस ८ मध्येही ही सोय आहे. केवळ व्हेक्टरसाठी वेगळा डेटाबेस घेण्याआधी हाताशी असलेल्यात ती आहे का ते पाहावे.

सुरक्षेची बातमी गंभीर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मोंगोडीबीत असा दोष उघड झाला की झेडलिब कॉम्प्रेशनच्या हाताळणीतून लॉगिन न करताही सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे वाचता येत. दुरुस्त आवृत्त्या उपलब्ध आहेत, त्या बसवायलाच हव्यात. २०१७ मध्ये तर पासवर्डच न लावता इंटरनेटवर उघडे ठेवलेले हजारो मोंगोडीबी पुसून खंडणी मागितली गेली होती. त्यात दोष होता तो मांडणी करणाऱ्यांचा.

शिकायचे कुठून

आधी एसक्यूएल. टेबल जोडता येत नसेल तर ते केव्हा मोडावे हे कळणार नाही. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा डेटाबेसचा अभ्यासक्रम मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससारख्या पूर्वतयारीच्या विषयांचे धडे मराठी आवाजातही मिळतात.

मग प्रमोद सदलगे आणि मार्टिन फाउलर यांचे २०१२ चे छोटेखानी नोएसक्यूएल डिस्टिल्ड. त्यातली उत्पादने जुनी झाली आहेत, डेटाच्या घडणीवरची प्रकरणे मात्र अजिबात जुनी झालेली नाहीत. त्यानंतर मार्टिन क्लेपमन यांचे २०१७ चे डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स. ते सावकाश वाचावे, प्रती आणि पार्टिशनवरची प्रकरणे दोनदा. केंब्रिजमधली त्यांची व्याख्याने यूट्यूबवर आहेत.

हात बसण्यासाठी कंपन्यांचे मोफत वर्ग पुरेसे आहेत: मोंगोडीबी युनिव्हर्सिटी, रेडिस युनिव्हर्सिटी, सिलाडीबी युनिव्हर्सिटी, आणि निओफोरजेची ग्राफअकॅडमी, जिथे प्रमाणपत्राची परीक्षाही मोफत आहे. मोंगोडीबीच्या अ‍ॅटलस सेवेत ५१२ मेगाबाइटची जागा फुकट मिळते, सरावाला तेवढी पुष्कळ. डायनॅमोडीबीची स्थानिक आवृत्ती आपल्याच लॅपटॉपवर चालते, त्यामुळे बिलाची धास्ती नाही. त्याच्या घडणीसाठी अ‍ॅलेक्स डीब्री यांचे २०२० चे पुस्तक उत्तम. या वर्गांत आपल्या उत्पादनाच्या उणिवा कोणी ठळकपणे सांगत नाही, हे ध्यानात ठेवून शिकावे.

त्या उणिवा कळायच्या तर काइल किंग्सबरी यांचे जेप्सन अहवाल वाचावेत. ते डेटाबेस चालू असताना मुद्दाम संपर्क तोडतात, घड्याळे मागेपुढे करतात आणि कंपनीने दिलेले वचन टिकते का ते तपासतात. मोंगोडीबीच्या ४.२.६ या आवृत्तीवरचा मे २०२० चा अहवाल पहिल्यांदा घ्यावा. समोर मोंगोडीबीचे त्या आवृत्तीचे माहितीपत्रक उघडून ठेवावे आणि ट्रान्झॅक्शनबद्दलचे प्रत्येक विधान अहवालाशी ताडून पाहावे. दोन संध्याकाळी त्यात सहज जातील.