धर्माची विद्यापीठे : सही न मागणारे कॉलेज

हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलने 1955 साली स्त्रियांना प्रवेश दिला, ती हकिकत आज सांगायची होती. पण साताऱ्याहून एका वाचकांचे पत्र आले आणि बेत फिसकटला. ते विचारतात, ‘महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकले म्हणता, मग ख्रिस्ती नसताना त्यांना तिथे घेतलेच कसे?’ प्रश्न फर्मास आहे. हार्वर्ड आठवडाभर थांबेल.

शिंदे होते मँचेस्टर कॉलेजात, 1901 ते 1903. पत्ता ऑक्सफर्डचा, पण कॉलेज तेव्हा विद्यापीठात सामील नव्हते. खरी गोम इथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑक्सफर्डात नाव घालतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या 39 कलमांवर सही करावी लागे. ज्यांना ती करवत नव्हती, त्यांनी 1786 मध्ये मँचेस्टरला आपली वेगळी संस्था काढली. ती यॉर्कला गेली, मँचेस्टरला परतली, मग लंडन आणि 1889 साली थेट ऑक्सफर्ड! एवढी बिऱ्हाडे बदलली, पण श्रद्धेची कबुली कोणाकडूनही लिहून घ्यायची नाही, हा बाणा सुटला नाही. याला मी औदार्य म्हणणार नाही. सहीपायी आपल्याच देशात दाराबाहेर राहिलेली ही माणसे. दुसऱ्याकडे सही कुठल्या तोंडाने मागणार?

त्यामुळे प्रार्थना समाजाचा, जमखंडीचा मराठा तरुण तिथे प्रार्थना समाजाचाच राहून शिकला. तुलनात्मक धर्म शिकवायला एस्टलिन कार्पेंटर होते. पालीचे पंडित ऱ्हीस डेव्हिड्स यांच्यासह ते दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथाची संहिता सिद्ध करत होते. तिचा दुसरा खंड 1903 मध्येच निघाला. म्हणजे बौद्ध धर्म समजून घ्यायला आपला माणूस इंग्रज युनिटेरियनापुढे, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या एकेश्वरी ख्रिस्त्यापुढे बसला होता. मला या गोष्टीचे अजून नवल वाटते.

मात्र हुरळून जायला नको. सही नसली तरी पैसा लागतोच. शिंद्यांची शिष्यवृत्ती युनिटेरियनांची आणि जायचे भाडे सयाजीराव महाराजांचे. एकेश्वरी मताच्या ब्राह्मो वा प्रार्थना समाजिस्टावर युनिटेरियनांचा जीव जडणे साहजिक होते. पंढरीच्या एखाद्या वारकऱ्यासाठी त्यांनी तशीच थैली सैल केली असती, असे मला वाटत नाही.

आता शिंद्यांच्या चरित्रात सहसा न भेटणारी एक सहाध्यायी. गर्ट्रूड फॉन पेट्झोल्ड, प्रशियाची, स्कॉटलंडमध्ये शिकून आलेली. तीही 1901 मध्येच इथे दाखल झाली, धर्मोपदेशक होण्यासाठी. 1904 साली लेस्टरच्या युनिटेरियन मंडळीने तिला आपली उपदेशक नेमले. इंग्लंडमध्ये अशी नेमणूक झालेली ती पहिली स्त्री. रस्त्यापलीकडच्या विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली, ती 1920 मध्ये.