बंदुकीची खातेवही

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दोन रुपयांचा फरक राहिला तरी संध्याकाळी वह्या मिटत नसत. अशा माणसाने अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सबर्ग येथील सरकारी केंद्राची हकिकत ऐकली, तर तो चक्रावून जाईल.

गुन्ह्यात सापडलेली बंदूक मुळात कुणी विकत घेतली, हे शोधून देणे हे या केंद्राचे काम. देशभरच्या पोलिसांची विचारणा इथे येते. पण बंदूक बाळगणाऱ्यांची यादी इथे नाही! तपासनीस बंदुकीवरचा क्रमांक घेऊन आधी कारखान्याला विचारतो. कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, व्यापारी दुकानदाराचे, आणि दुकानदार आपले दप्तर चाळून पहिल्या गिऱ्हाइकाचे. त्या गिऱ्हाइकाने पुढे ती शेजाऱ्याला विकली असेल, तर माग बहुधा तिथेच संपतो. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरे या केंद्रात जमा होतात. पण नाव घालून शोध घेता येणार नाही, अशाच बेताने ती जपून ठेवलेली असतात.

हा गलथानपणा नव्हे, हा कायदा आहे. केंद्र सरकारने बंदूकधारकांची नोंदवही ठेवू नये, असे बंधन १९८६ च्या कायद्याने घातले. दुकानातून बंदूक घेणाऱ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी १९९८ पासून संगणकावर तपासली जाते. परंतु जो निर्दोष ठरला त्याची ओळख सरकारला चोवीस तासांत पुसावी लागते. तीन कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर दुकानदाराला बंदूक देण्याची मुभा असते. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांचे प्राण घेणाऱ्या तरुणाच्या हाती बंदूक पडली, ती अशाच रेंगाळलेल्या तपासणीतून.

मग हा आंधळेपणा मुद्दाम का पत्करायचा? कारण एका मोठ्या वर्गाला वाटते की, आज यादी झाली तर उद्या जप्ती येईल. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. राजाच्या फौजेशी लढून स्वतंत्र झालेल्या लोकांची ती भाषा. आपण तिला हसण्याचे कारण नाही. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले, तेव्हा काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले होते. हत्यारांची किल्ली सरकारच्या हाती असणे म्हणजे काय, हे आपल्या पणजोबांना ठाऊक होते.

प्रश्न आहे तो या भीतीचे राजकारण कसे झाले, हा. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ साली निघाली ती नेमबाजी सुधारावी म्हणून. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात कडव्या गटाने तिचा ताबा घेतला आणि पुढे प्रत्येक लहान नियम हा जप्तीची पहिली पायरी ठरू लागला. २०१२ साली सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर, बंदुकांच्या जत्रांतील आणि इंटरनेटवरील विक्रीलाही तपासणी लावणारी दुरुस्ती एप्रिल २०१३ मध्ये सिनेटपुढे आली. नोंदवही करण्यास तिच्यातच स्पष्ट मनाई होती. बाजूने ५४ मते पडली, विरुद्ध ४६. पण हवी होती ६०. सिनेटमध्ये जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला दोन जागा आणि सहा लाखांच्याही आतल्या वायोमिंगलाही दोनच. शिवाय बंदूकवाला बहुधा त्याच एका मुद्द्यावर मत देतो. विरोधकाच्या यादीत तो दहा मुद्द्यांपैकी एक असतो.

२०२२ साली युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्यावर एकविसाच्या आतल्या गिऱ्हाइकांची तपासणी कडक करणारा कायदा झाला खरा. पण राष्ट्राध्यक्षांची सही होण्याच्या दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा, बाहेर बंदूक बाळगण्यावरचा जुना निर्बंध रद्द केला होता.

आपल्याकडच्या कितीतरी घरांची नातवंडे आज तिकडच्या शाळांत शिकतात. वर्गाला कुलूप लावून अंधारात गप्प बसण्याचा सराव ती आजी-आजोबांना फोनवर सहजपणे सांगतात, आणि इकडे ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. २०२१ साली त्या देशात बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बंदूक घेताना भीती असते परक्या चोराची, आणि पुष्कळदा ती उलटते घरच्याच माणसावर.

बँकेची वही चालते ती कायद्याच्या धाकाने जेवढी, तेवढीच खातेदाराच्या भरवशावर. ही वही आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही, हा भरवसा असतो म्हणून माणूस आपली पुंजी तिच्यात लिहून ठेवतो. मोटारीची नोंद, घराची नोंद अमेरिकन माणूस बिनतक्रार करतो. बंदुकीच्या नोंदीपुरता हा भरवसा ज्यांनी मोडला, त्यांना त्याबद्दल मतेही मिळाली आणि वर्गणीही. नवा कायदा आणू पाहणाऱ्यांनी सिनेटमधली मते जरूर मोजावीत. पण आधी त्या साध्या, भ्यालेल्या बंदूकधारकाशी बोलावे. त्यालाही शाळेत जाणारी मुले आहेत.