मामांचा ट्रॉलर आणि आजोबांचा हिशेब

समुद्राचा आणि बडोद्याच्या प्रतापनगराचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे तो डिझेलचा. माझे आजोबा प्रतापनगरला नॅरोगेजच्या डिझेल इंजिनांवर फिटर होते. गायकवाड सरकारने १८६२ साली डभोई ते मियागाम हा छोटा रूळमार्ग घातला, तेव्हा त्यावर गाडी ओढायला बैल होते. पुढे वाफ आली, मग डिझेल. आजोबांचे सारे आयुष्य त्या शेवटच्या पर्वात गेले. माझे मामा मात्र रत्नागिरीचे. मिरकरवाड्याच्या बंदरात त्यांचा लाकडी ट्रॉलर आहे, इंजिन शंभर अश्वशक्तीचे.

एका जून महिन्यात मी सुट्टीला प्रतापनगरला होतो आणि मामा अचानक तिथे आले. चहा होताच म्हणाले, "तात्या, बोट विकतो म्हणतोय. सगळी मिळकत डिझेलच पिऊन टाकतं." आदल्या वर्षी पावसाळी बंदी उठली आणि त्यांचे इंजिनच सुरू होईना. नोझल गंजलेले, पंप अडकलेला. दुरुस्तीचा खर्च झालाच, पण ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे ऐन मासळीचे दिवस, बोट धक्क्याला बांधून राहिली. त्या आठवड्यात खलाशांच्या घरीही काही गेले नाही.

आजोबा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "विकायची तर विका. पण आधी वही काढा." त्या दुपारी त्यांनी जे समजावले, तेच येथे मांडतो.

पहिला हिशेब वेगाचा. डिझेल इंजिन पूर्ण जोरावर असताना दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटरहून थोडे कमी तेल घेते. शंभर अश्वशक्तीला तासाला वीस लिटर धरू. आता रूळावरची गाडी आणि पाण्यातली बोट यांत मोठा फरक आहे. पाणी कापताना वेग थोडा वाढवला तरी लागणारी शक्ती भराभर वाढते. ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात चढते. उलट फेरे शंभराचे ऐंशी केले, तर ०.८ चा घन ०.५१, म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मीच लागते!

समजा मासेमारीची जागा ३२ सागरी मैलांवर आहे (एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर). ताशी आठ मैलांनी चार तास लागतील आणि ऐंशी लिटर तेल जळेल. ताशी ६.४ मैलांनी पाच तास लागतील, पण तेल जळेल पन्नासेक लिटर. एक तास जास्त, तीस लिटर कमी. कमी जोरावर इंजिन जरा जास्त खाते, म्हणून आजोबांनी बचत पंचवीसच धरली. जाऊन येऊन पन्नास लिटर.

मामांनी लगेच हरकत घेतली. "तात्या, बंदरात आधी पोचेल त्याला लिलावात दर चांगला मिळतो. आणि जाळं ओढताना इंजिन मंद करून चालतच नाही." दोन्ही हरकती रास्त होत्या. आजोबांचे उत्तर साधे होते. जाळे ओढताना लागेल तेवढा जोर द्यावा, तिथे काटकसर नको. माल भरपूर असेल आणि लवकर पोचून दराचा फरक तेलाच्या किमतीहून जास्त पडणार असेल, तर जरूर पळावे. पण जाताना बोट रिकामी असते, तेव्हा पळून कोणता लिलाव गाठायचा? तिथे केवळ सवयीने तेल जळते.

दुसरा हिशेब बोटीच्या तळाचा. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर बसला की तोच वेग ठेवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. पंख्याचे पाते वाकले तरी तेच. बोट वर ओढली की तळ खरवडून रंग द्यायचा आणि पंखा तपासायचा, हा खर्च तेलातून वसूल होतो.

तिसरा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आणि मामांचे नुकसान त्यातच झाले होते. १ जून ते ३१ जुलै हे बंदीचे दिवस. यंत्र बंद असले की झिजत नाही, असे आपल्याला वाटते. पण ते गंजते. मामांनी अर्धी रिकामी टाकी तशीच ठेवली होती. टाकीतल्या रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड झाली की आत दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. पाणी आणि तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो. तो फिल्टर तुंबवतो, आणि पाणी पंपात गेले तर तिथले अतिशय बारीक घासून बसवलेले भाग गंजून अडकतात.

म्हणून आजोबांनी वहीत लिहून दिले: टाकी काठोकाठ भरून ठेवणे, तळाचे पाणी आधी काढणे. वंगणाचे तेल बोट बंद करतानाच, इंजिन गरम असताना बदलणे, कारण जळक्या तेलातले आम्ल दोन महिने बेअरिंग खाते. खाऱ्या पाण्याचे मार्ग गोड्या पाण्याने धुणे. धुराड्याचे तोंड बंद करणे. बॅटरी काढून घरी आणणे आणि अधूनमधून चार्ज करणे. दर आठवड्याला इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवणे.

"मी रोज पाच मिनिटं चालू करत होतो की!" मामा म्हणाले. आजोबांनी मान हलवली. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. उलट आत काजळी आणि ओल साठते. चालवायचे तर भार देऊन पुरते तापेपर्यंत चालवावे, नाहीतर हात लावू नये.

बोटीसाठीही सूचना होत्या. खाली ठोकळे सारखे लावणे, म्हणजे तळ पिळवटत नाही. पाणी निघायचे भोक उघडे ठेवणे. वर झाप घालणे, पण वारा खेळता ठेवणे; कोंडलेल्या ओलीने लाकूड कुजते.

शेवटी मामांनी विचारले, "एवढं करून वाचणार किती?" आजोबा म्हणाले, "तुमच्यापेक्षा खलाशांना विचारा." खरेच आहे. डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा जाता जे उरते, त्यात मालक आणि खलाशी यांचे वाटे पडतात. वाया गेलेल्या लिटरात तांडेलाच्या घरचाही वाटा असतो. सरकारकडून मच्छीमार संस्थेमार्फत डिझेलवरील कराचा परतावा मिळतो, पण तो जळलेल्या तेलाची सगळी किंमत भरून देत नाही.

मामा दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीला परतले आणि आधी टाकी भरली. १ ऑगस्टला इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. ट्रॉलर अजून त्यांच्याकडेच आहे. कर्ज फिटलेले नाही, मासळीही पूर्वीसारखी मिळत नाही. वहीने ते दोन्ही सुटत नाही. पण आता तांडेल स्वतः प्रत्येक फेरीचे तास आणि लिटर लिहितो.

प्रतापनगरच्या त्या छोट्या गाड्या बंद झाल्या. त्यांतली काही इंजिने तिथल्या रेल्वे संग्रहोद्यानात उभी आहेत. आजोबा मला ती दाखवायला घेऊन गेले, तेव्हा मी फोटो काढत होतो आणि ते वाकून टाकीखाली पाण्याचा थेंब दिसतो का, ते पाहत होते.