ऐन विशीत केस का पिकतात?



“माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत,” असे वडीलधारी माणसे सांगतात. पिकलेला केस म्हणजे वय आणि अनुभव, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकातही पिकल्या केसांचा गौरव आहे. पण तेच केस विशीतल्या मुलाच्या डोक्यावर दिसले की घरचे घाबरतात. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांवर फिरताना मला याबद्दल नेहमी विचारतात. विचारणारी बहुधा आई असते आणि तिची खरी काळजी मुलीच्या लग्नाची असते.

केसाला काळा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. केसाच्या मुळाशी असलेल्या खास पेशी ते तयार करून वाढत्या केसात भरतात. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. दर वेळी रंग देणाऱ्या नव्या पेशी मुळाजवळच्या साठ्यातून येतात. हा साठा संपला की केस पांढराच उगवतो. म्हणून एका रात्रीत डोके पांढरे होत नाही. एक पांढरा केस उपटला तर चार उगवतात, हेही खरे नाही. एका मुळातून तोच केस पुन्हा येतो.

आपल्याकडे 25 वर्षांच्या आत केस पिकू लागले तर त्याला अकाली पिकणे म्हणतात. याचे सर्वांत मोठे कारण आनुवंशिकता आहे. वडील, आजोबा किंवा मामाचे केस लवकर पिकले असतील तर मुलांचेही पिकू शकतात. तो आजार नाही, संसर्ग नाही आणि कोणाची करणीही नाही. अशा मुलीला सून करून घेण्यात काहीच धोका नाही, हे आपण ठामपणे सांगायला हवे.

मात्र काही वेळा केस शरीरातील उणीव दाखवतात. ब-12 जीवनसत्त्व, लोह किंवा तांबे कमी पडणे आणि थायरॉइडचा विकार यांचा अकाली केस पिकण्याशी संबंध आढळला आहे. ब-12 दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणारी कितीतरी कुटुंबे महिनोन्महिने भाकरी, चटणी आणि चहावर दिवस काढतात. मग उणीव होणारच.

एका पाड्यावरील 22 वर्षांच्या मुलीचे केस कानांच्या वर पिकले होते. घरच्यांनी बाजारातून दोन प्रकारची तेले आणली. पण तिला चढ चढताना धाप लागते, पायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते, हे कोणी विचारलेच नव्हते. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा रक्तक्षय आणि ब-12ची कमतरता निघाली. उपचारांनंतर तिचे सगळे केस काही काळे झाले नाहीत, पण आज ती पाण्याचा हंडा घेऊन न थांबता चढ चढते. केसांपेक्षा हे महत्त्वाचे होते.

धूम्रपान करणाऱ्यांत केस लवकर पिकण्याचे प्रमाण अधिक आढळते. मानसिक ताणाबद्दल 2020 साली उंदरांवरील एक संशोधन प्रसिद्ध झाले. तीव्र ताणात मज्जातंतूंमधून सुटणाऱ्या द्रव्यामुळे रंगपेशींचा साठा झपाट्याने रिकामा होतो, असे त्यात दिसले. माणसात हे किती प्रमाणात घडते, यावर अभ्यास सुरू आहे.

मग काय करावे? केस पिकण्यासोबत थकवा, धाप, मुंग्या, फिकट नखे किंवा अंगावर पांढरे डाग असतील तर आधी आरोग्य केंद्र गाठावे. हिमोग्लोबिन तिथे तपासता येते. ब-12 आणि थायरॉइडच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. जेवणात अंडे, दूध, ओढ्यातले मासे-खेकडे, कडधान्ये आणि पालेभाज्या असाव्यात. सोबत लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र टाळावा. शाळकरी मुलामुलींना मिळणारी लोहाची निळी गोळी फेकून न देता घ्यावी.

उणीव हे कारण असेल तर काहींच्या केसांना पुन्हा रंग येतो. आनुवंशिक असेल तर कोणतेही तेल तो परत आणत नाही. कलप लावायचाच असेल तर आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस थांबावे. त्यातील रसायनाने काहींचा चेहरा सुजतो, खाज सुटते.

मंडळीतल्या एखाद्या तरुणाचे केस पिकलेले दिसले तर “म्हातारा झालास” म्हणून हसू नका. “दमायला होतं का? नीट जेवतोस ना?” एवढे विचारा. गरज वाटली तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा.